तिखटाची पुडी आणि अकरा अक्षरं: ऑनलाइन विकण्याच्या मालाचे कोड कसे बांधावेत

ऑर्डर येते ‘हळद पावडर ५०० ग्रॅम’. फडताळात पाचशेच्या तीन वस्तू आहेत: वायगाव हळदीची पुडी, सेलम हळदीची पुडी आणि सेलमचीच प्लास्टिकची बरणी. पॅकिंगला बसलेल्या बाईने यातली कोणती उचलायची? तिने सेलम उचलली आणि गिऱ्हाईकाने वायगावचे पैसे भरले असतील, तर माल परत येतो. जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडतो, फुटलेली पुडी पुन्हा विकता येत नाही आणि लिस्टिंगखाली, म्हणजे संकेतस्थळावरच्या त्या मालाच्या पानावर, एकच चांदणी पडते ती वेगळीच. माल ओळखायला नाव पुरत नाही, त्यासाठी कोड लागतो.

या कोडाला सगळ्या विक्री-संकेतस्थळांवर एसकेयू म्हणतात, म्हणजे स्टॉक कीपिंग युनिट. अर्थ सोपा आहे: फडताळात जी वस्तू वेगळी ठेवावी लागते, वेगळी मोजावी लागते आणि वेगळी विकली जाते, तिचं एक नाव. हे नाव कोणतंही कार्यालय देत नाही, ते आपलं आपणच ठेवायचं असतं. तिथेच घोळ होतो, कारण आपलंच आहे म्हटल्यावर कोणी ‘हळद१’, ‘हळद नवीन’, ‘हळद नवीन २’ असं काहीही लिहून मोकळं होतं.

आधी एक सूचना. या लेखात कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. शीटमध्ये (एक्सेलसारख्या तक्त्यात) आणि संकेतस्थळावर ते रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे. हा नियम वरवरचा नाही. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असला तर अंकही मराठी उमटतात. माणसाला दोन्हीकडे पाचच दिसतो, संगणकाला मात्र ती दोन वेगळी चिन्हं असतात. एका शीटमध्ये मराठी पाच आणि दुसरीत इंग्रजी पाच असले की कोड जुळत नाही, आणि का जुळत नाही हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

कोणता आकडा कोणाचा

एकाच पुडीला पाच-सहा आकडे चिकटलेले असतात. त्यांची कामं वेगळी आहेत.

एचएसएन हा कराचा आकडा. तो मालाच्या जातकुळीला असतो, तुमच्या पुडीला नाही. मिरची ०९०४, हळद ०९१०, मध ०४०९, डाळी ०७१३, तांदूळ १००६, जवस १२०४. पुडी शंभरची असो की किलोची, हा आकडा तोच राहतो.

पुडीवरचा तेरा अंकी बारकोड म्हणजे ईएएन. भारतात तो जीएस१ इंडियाकडे नोंदणी करून मिळतो आणि त्या आकड्यांची सुरुवात ८९० ने होते. जगात तो आकडा एकाच वस्तूला असतो. स्वस्तात सुटे बारकोड विकणारे भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नये. तो आकडा आधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर नोंदलेला असू शकतो आणि मग लिस्टिंग अडकतं. बारकोड नसेल तर अ‍ॅमेझॉनवर त्यातून सूट मागायची सोय आहे.

अ‍ॅमेझॉनचा दहा अक्षरी एएसआयएन आणि फ्लिपकार्टचा एफएसएन हे त्या त्या दुकानाचे आतले आकडे. ते आपल्याला दिले जातात, आपण ठरवत नाही.

बॅच नंबर सांगतो की माल कधीच्या दळणाचा किंवा भरणाचा आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर तो असावाच लागतो. बॅच दर भरणाला बदलते, कोड बदलत नाही.

एसकेयू या सगळ्यांना एका ओळीत बांधतो. म्हणून तो पहिला ठरवायचा आणि बाकीचे आकडे त्याच्यासमोरच्या रकान्यांत भरायचे.

कोडात काय घालायचं

एकच कसोटी लावा: ही गोष्ट बदलली तर पुडीच वेगळी होते का? होत असेल तर ती कोडात घाला. होत नसेल तर शीटच्या रकान्यात.

हळदीची जात बदलली तर वस्तू वेगळी. हळकुंड आणि पूड वेगळी. अडीचशे आणि पाचशे वेगळी. म्हणजे कोडाचे तीन भाग झाले: माल, जात-रूप आणि वजन.

किंमत कोडात घालू नका. मिरचीचा भाव हंगामात दोनदा पालटतो आणि ‘१८०’ लिहिलेला कोड दोनशे वीसला विकायची वेळ येते. ज्याच्याकडून माल घेतला त्या शेतकऱ्याचं किंवा गटाचं नाव घालू नका, पुढच्या वर्षी माल दुसऱ्याकडून येईल. फडताळाचा नंबर घालू नका, पावसाळ्यात ओल आली की माल हलवावाच लागतो. वर्षही घालू नका, ते बॅचमध्ये येतंच. कोडात जितकी माहिती कोंबाल तितकी तो लवकर खोटा ठरण्याची कारणं वाढतात.

आता रचना. पहिल्या भागात मालाची तीन अक्षरं, मग आडवी रेघ, मग दोन अक्षरं (पहिलं जातीचं, दुसरं रूपाचं), पुन्हा रेघ आणि शेवटी ग्रॅममधलं वजन चार अंकांत. एकूण अकरा अक्षरं.

वायगाव हळदीची पूड, ५०० ग्रॅम: एचएलडी-डब्ल्यूके-०५००
सेलम हळकुंड, १ किलो: एचएलडी-एलएस-१०००
भिवापुरी तिखट, २५० ग्रॅम: एमआरसी-बीके-०२५०
तेजा मिरची, साबूत, ५०० ग्रॅम: एमआरसी-जेएस-०५००

इथे ‘एस’ म्हणजे साबूत आणि ‘के’ म्हणजे कुटलेलं किंवा दळलेलं. ‘डब्ल्यू’ वायगाव, ‘एल’ सेलम, ‘बी’ भिवापुरी, ‘जे’ तेजा. सातऱ्यावर, म्हणजे मिरचीची देठं खुडतात त्या जागेवर, देठ खुडून आलेली मिरची वेगळी विकत असाल तर तिला ‘एस’ किंवा ‘के’ऐवजी रूपाचं वेगळं अक्षर द्या, ‘एच’ चालेल. देठासकट आणि बिनदेठाची मिरची एका कोडात ठेवली तर पाचशे ग्रॅमच्या दोन पिशव्या आकाराने वेगळ्या दिसतात आणि गिऱ्हाईकाला वाटतं वजनात मारलं.

वजनाला चार अंक यासाठी की शीट क्रमाने लावली की शंभर, अडीचशे, पाचशे, हजार बरोबर एकाखाली एक येतात. दोनच अंकांत भागवायला गेलं तर ‘२५’ म्हणजे पंचवीस ग्रॅम की अडीचशे, असा वाद उभा राहतो. जवसाचं तेल मिलिलिटरमध्ये विकत असाल तर तोच आकडा मिलिलिटरचा धरा आणि रूपाचं अक्षर तेलासाठी वेगळं ठेवा. चार शून्यं राखून ठेवा सुट्या मालासाठी: एचएलडी-डब्ल्यूके-०००० म्हणजे अजून न भरलेली पूड, तिचा साठा किलोत. वीस किलोचं पोतं फोडून पाचशेच्या पुड्या भरल्या तर कागदावर चाळीस व्हायला हव्यात. पण वजन कमी भरू नये म्हणून दर पुडीत पाच ग्रॅम जास्त जात असतील तर ३९ भरतात आणि थोडी पूड उरते. शीटमध्ये चाळीस लिहिले की चाळिसावी ऑर्डर रद्द करावी लागते.

अक्षरं कशी निवडायची

हा भाग घाईने उरकू नये. एक संध्याकाळ द्या.

पहिली अडचण स्पेलिंगची. वायगाव काही जण ‘डब्ल्यू’ने लिहितात, काही ‘व्ही’ने. सरकारी कागदांतही दोन्ही दिसतात. हळद कुठे ‘हलद’ होते, कुठे ‘हल्दी’. एकदा ठरवा, वहीत लिहा आणि मग वाद नको.

दुसरी अडचण सारख्या नावांची. मोहफूल आणि मोहरी दोघांची पहिली तीन अक्षरं एकच येतात. म्हणून मोहफूल एमएचएफ आणि मोहरी एमएचआर. जवस आणि जवारी यांचंही तसंच होतं, जेडब्ल्यूएस आणि जेडब्ल्यूआर. शेवटचं एक अक्षर वेगळं, बाकी जुळे भाऊ. आपल्याकडे जवसाला अळशीही म्हणतातच, तर तिला एएलएस द्या आणि जवारीला जेडब्ल्यूआर राहू द्या. तूर, तांदूळ आणि तीळ: टीवायआर, टीएनडी, टीएलएल. तुरीत मुद्दाम ‘यू’ टाळलं आहे, हाताने लिहिताना ते ‘व्ही’सारखं होतं.

‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं कोडात वापरूच नका. लेबलवर ‘ओ’ आणि शून्य सारखे दिसतात, ‘आय’ आणि एक सारखे दिसतात.

तिसरी गोष्ट कानाची. गावातून काम चालतं तेव्हा निम्मे निरोप फोनवर जातात, आणि रेंजचं काय ते आपल्याला माहीतच आहे. बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरं फोनवर एकच ऐकू येतात. एम आणि एन तसेच, एस आणि एफ तसेच. ही सगळी अक्षरं टाळायची नाहीत, तेवढी अक्षरं उरणार नाहीत. फक्त कोडाच्या एकाच जागेवर दोन सारखे आवाज येऊ देऊ नका. भिवापुरीला ‘बी’ दिलं म्हणून तेजाला ‘टी’ न देता ‘जे’ दिलं. ‘डब्ल्यू’ बोलायला लांब आहे, पण त्याची चूक कधी होत नाही.

तांदळातही जातीचं अक्षर लागतंच. एचएमटीला ‘एच’, चिन्नोरला ‘सी’. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या या तांदळाला एचएमटी हे नाव घड्याळावरून पडलं. निदान तुमच्या शीटमध्ये तरी तो ‘बारीक तांदूळ’ म्हणून हरवू नये.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाचं आणखी एक कारण आहे. वायगाव हळद, भिवापूर मिरची, नागपूर संत्री ही नावं नोंदलेली आहेत. संत्र्याला हे मानांकन २०१४ मध्ये मिळालं. मानांकनाचं चिन्ह वेष्टनावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि माल त्याच भागातला असावा लागतो. अशा मालाचा आणि साध्या मालाचा कोड एक असेल तर साठ्यात सरमिसळ कधी झाली हे कोणालाच सांगता येणार नाही.

अकराच का

अ‍ॅमेझॉन एसकेयूला चाळीस अक्षरांपर्यंत जागा देतं. तेवढी वापरायची गरज नाही, कारण खरी मर्यादा लेबलची आहे.

फडताळावर आणि पुडीवर लावायला कोड १२८ प्रकारचा बारकोड सोयीचा पडतो, त्यात अक्षरं आणि अंक दोन्ही चालतात. या बारकोडात प्रत्येक अक्षर ११ एकक रुंद असतं. त्याशिवाय सुरुवातीची खूण ११, तपासणीचं चिन्ह ११ आणि शेवटची खूण १३. अकरा अक्षरांचे १२१ आणि हे ३५ मिळून १५६ एकक. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) साध्या थर्मल प्रिंटरवर एका मिलिमीटरला आठ ठिपके बसतात. एक एकक दोन ठिपक्यांचं धरलं तर पाव मिलिमीटर, म्हणजे बारकोड ३९ मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना दहा-दहा एकक कोरी जागा सोडावीच लागते, ती मिळून ५ मिलिमीटर. एकूण ४४. पन्नास मिलिमीटर रुंदीच्या लेबलवर ऐसपैस बसतो. कोड चौदा अक्षरांचा केला की हाच हिशेब ५२ मिलिमीटरच्या वर जातो आणि लेबलबाहेर पडतो. मग प्रिंटर रेघा दाबून छापतो आणि स्कॅनर वाचत नाही. सलग अंक आले की थोडी जागा वाचते, पण तेवढ्यावर विसंबू नये.

बारकोडाखाली कोड माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत छापायला विसरू नका. लाइट गेली की स्कॅनर आणि संगणक दोन्ही बंद, डोळे चालू.

लेबलच्या कागदाबद्दलही एक गोष्ट. शिपिंगच्या चार बाय सहा इंचाच्या लेबलला वापरतात तो साधा थर्मल कागद उष्णतेनेच छापला जातो, म्हणून तो उष्णतेनेच खराबही होतो. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. टिनाच्या शेडमध्ये आणखी जास्त. तिखटाचं आणि जवसाचं तेल लागलं तरी छपाई उडते. पार्सलवरचं लेबल आठवडाभर टिकलं की झालं, त्याला हा कागद पुरतो. फडताळावर आणि पुडीवर राहणारं लेबल मात्र रिबनवाल्या प्रिंटरवर काढा किंवा बाहेरून छापून आणा.

शीट बांधताना

रकाने असे ठेवा: कोड, मराठी नाव, इंग्रजी नाव, जात, रूप, निव्वळ वजन, पार्सलसकट वजन, छापील किंमत, एचएसएन, बारकोड, प्रत्येक संकेतस्थळाचा आकडा, माल कोणाकडून, फडताळाची जागा, किती महिने टिकतो, चालू की बंद, जुना कोड. पार्सलसकट वजन खरंच काट्यावर मोजून लिहा; पाचशेची पुडी खोक्यासकट पाचशेच्या पुढच्या टप्प्यात जाते आणि कुरिअरचे दर टप्प्याने लागतात.

कोडाचे तीन तुकडे तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि चौथ्या रकान्यात सूत्राने जोडा. माल, जात आणि रूप यांना डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन लावा, म्हणजे नवीन माणसाला यादीबाहेरचं काही लिहिताच येत नाही. कोडाच्या रकान्याला काउंटइफ सूत्र लावून कुठला कोड दोनदा आला ते पाहा, आणि लेन सूत्राने प्रत्येक कोड अकराच अक्षरांचा आहे ना ते तपासा. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, लेनला दिसते.

एक्सेलच्या खोड्या माहीत असू द्या. रकाना आधी ‘टेक्स्ट’ केला नाही तर ०९०४ चा ९०४ होतो आणि ०५०० चा ५००. तेरा अंकी बारकोड ‘८.९ई+१२’ असा दिसू लागतो. त्या अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) म्हणून जतन केली की मूळ आकडा गेलाच, परत येत नाही. ‘एमएआर’ या अक्षरांपुढे रेघ आणि छोटा अंक आला की एक्सेल त्याला मार्च महिना समजतं. आधी एक अंक, मग ‘ई’, मग पुन्हा अंक, असा तुकडा आला की तो शास्त्रीय आकडा होतो. वरच्या रचनेत अक्षरं आणि अंक वेगवेगळ्या भागांत असल्याने यातलं बरंच टळतं. आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी खोडी: कोडाचा कोपरा धरून खाली ओढला की एक्सेल शेवटचा अंक वाढवत नेतं. ०२५० खाली ०२५१, ०२५२. पन्नास ओळी अशा चढवल्या की संकेतस्थळावर २५१ ग्रॅमची मिरची विकायला लागते.

स्वल्पविराम, तिरकी रेघ, अधिकची खूण आणि ‘आणि’ची खूण (अँपरसँड) कोडात नको. स्वल्पविरामाने सीएसव्हीचे रकाने सरकतात. तिरक्या रेघेने फोटोच्या फाइलला तेच नाव देता येत नाही, आणि फोटोला कोडाचंच नाव देणं फार सोयीचं असतं. आडवी रेघ साधीच हवी. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेल्या मजकुरात कधी कधी लांब रेघ येते, ती संगणकाला वेगळीच वाटते.

संकेतस्थळावर चढवताना

एसकेयूचा रकाना रिकामा सोडला तर अ‍ॅमेझॉन स्वतः काहीतरी अर्थहीन अक्षरं भरून मोकळं होतं. लिस्टिंग झाल्यावर तो कोड तिथे बदलता येत नाही. ती नोंद काढून नव्याने करावी लागते. म्हणून शीट पूर्ण झाल्याशिवाय एकही वस्तू चढवू नका.

सगळ्या संकेतस्थळांवर कोड एकच ठेवा. एकीकडे ‘हळद-वायगाव-अर्धा’ आणि दुसरीकडे अकरा अक्षरं असं केलं की रोजच्या ऑर्डरी एकत्र करताना हाताने जुळवत बसावं लागतं. अपवाद एकच: तीच पुडी तुम्ही घरून पाठवता आणि अ‍ॅमेझॉनच्या गोदामातूनही विकता, तेव्हा अ‍ॅमेझॉनवर दोन वेगळे एसकेयू लागतात. गोदामवाल्याला शेवटी रेघ आणि ‘एफ’ जोडा. कोड तेरा अक्षरांचा होतो, पण त्या पुडीवर तुमच्या बारकोडाऐवजी बहुधा अ‍ॅमेझॉनचं एक्स-शून्य-शून्य ने सुरू होणारं लेबलच लागतं, त्यामुळे रुंदीची अडचण येत नाही.

कॉम्बो

दिवाळीच्या खोक्यात काय काय आहे ते कोडात लिहायला जाऊ नका. केएमबी-०१-०००१ अशी साधी क्रमवार मालिका ठेवा आणि वेगळ्या पानावर त्या कोडाची ‘कृती’ लिहा. उदाहरणार्थ: एक भिवापुरी तिखट २५० ग्रॅम, एक वायगाव हळद २५० ग्रॅम, दोन अळशीची चटणी १०० ग्रॅम.

साठा किती दाखवायचा? तिखट ४० पुड्या, हळद २५, चटणी ३६. चटणी दोन लागतात म्हणून ३६ चे १८ खोके. सगळ्यात लहान आकडा १८, तेवढेच खोके होतात. पण त्याच पुड्या सुट्याही विकायला लावल्या असतील तर १८ दाखवणं धोक्याचं आहे. दहा-बारा खोके आधीच बांधून बाजूला ठेवा, सुट्या साठ्यातून वजा करा आणि तेवढेच दाखवा. एकाच पुडीचे दोन पुड्यांचे संच विकत असाल तर त्यालाही वेगळा कोड द्या आणि कृतीत ‘२’ लिहा. पाचशेचा संच आणि पाचशेची पुडी एक नाहीत.

टसर, करवतकाठी, बांबू

कापडाला वजनाऐवजी रंग आणि क्रमांक लागतात. टसरचे एकसारखे दुपट्टे असतील तर शेवटच्या चार जागांत दोन अंक रंगाचे आणि दोन लांबीचे. हातमागाची करवतकाठी साडी मात्र बहुतेक वेळा एकेकच असते. तिथे प्रत्येक साडीला स्वतःचा क्रमांक द्या, साठा नेहमी एक, आणि ती विकली की तो कोड कायमचा बंद. बांबूच्या वस्तूंना मालाच्या तीन अक्षरांनंतर आकाराचं अक्षर पुरतं; एक-दोन सेंटीमीटरच्या फरकाला नवा कोड नको, वर्णनात ‘हाताने केलेलं, माप थोडं मागेपुढे’ असं स्पष्ट लिहा.

नवा कोड कधी, जुनाच कधी

छापील किंमत बदलली, वेष्टनाचा रंग बदलला, नवं पीक आलं, दुसऱ्या शेतकऱ्याकडून माल घेतला: कोड तोच, बॅच नवी. बॅच म्हणून भरण्याची तारीख सहा अंकांत आणि पुढे चक्कीचं अक्षर पुरेसं आहे: २५०२१८-ए म्हणजे २०२५ च्या १८ फेब्रुवारीला भरलेलं, पहिल्या चक्कीवर दळलेलं. हळद-मिरचीच्या हंगामात जुना आणि नवा माल एकाच कोडाखाली शेजारी बसतो. ज्याची मुदत आधी संपते तो आधी पाठवायचा, हे बॅच वाचूनच कळतं.

निव्वळ वजन बदललं तर कोड नवा, मग फरक २५० ते २४० इतका का असेना. जात बदलली तर नवा. पुडीऐवजी बरणी आली तरी नवा, कारण कुरिअरचं वजन बदलतं, किंमत बदलते आणि फुटण्याचा धोकाही बदलतो. बरणीसाठी रूपाचं वेगळं अक्षर ठेवा. मसाल्याच्या घटकांत बदल केला, उदाहरणार्थ सावजी मसाल्यातून तीळ काढले, तर नवा कोड आणि नवं लेबल दोन्ही. कोणाला एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असू शकते.

बंद केलेला कोड दुसऱ्या मालाला कधीही देऊ नका. मागच्या वर्षीची ऑर्डर, परतीची नोंद, कराचा हिशेब सगळं त्या कोडाला बांधलेलं असतं. शीटमधली ओळ पुसू नका, ‘बंद’ लिहा आणि राहू द्या.

आधीच विकत असाल तर

चालू लिस्टिंग एका रात्रीत पालटू नका. जुने कोड शीटच्या ‘जुना कोड’ रकान्यात भरा आणि नवी फडताळ-लेबलं दोन्ही कोडांसह छापा. नव्या वस्तूंना नवा कोड आजपासूनच द्या. जुनी वस्तू तिचा साठा शून्यावर आला आणि परतीचे पार्सल येणं थांबलं की मग नव्या कोडाने चढवा. अ‍ॅमेझॉनवर त्याच एएसआयएनखाली नवा एसकेयू जोडला तर गिऱ्हाईकांचे अभिप्राय जात नाहीत, कारण ते एएसआयएनला चिकटलेले असतात.

शीट तयार झाली की एक चाचणी घ्या. यादी छापून, प्लास्टिक चढवून पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीला लावा. दुसऱ्या खोलीतून फोनवर दहा कोड सांगा आणि पॅकिंगवाल्या बाईला दहा पुड्या आणायला सांगा. एखादी पुडी चुकली तर तिला बोल लावू नका. कोणती दोन अक्षरं गोंधळली ते पाहा आणि कोड अजून कागदावर आहेत तोवरच बदला.